टॉमचे केस कधी पिकले?

आमच्या चाळीत एक आबा होते. मालधक्क्यावर हमाली करून रिटायर झालेले. डोकं पांढरं फटक, एक खांदा कायमचा झुकलेला. कुणी साहेब दिसला की हात आपोआप जोडले जायचे. १९७४ साल असेल. अभ्यासवर्गात ते येऊन मागं बसले आणि म्हणाले, "पोरांनो, जरा दमानं घ्या." मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. उठलो नि भर वर्गात म्हटलं, "हे बघा आमचे अंकल टॉम!" पोरं हसली. आबाही हसले. त्यांना कळलं नाही असं मला वाटलं.

खरं म्हंजे कळलं मलाच नव्हतं. १९७२ साली पँथर निघाली, तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव आपल्याकडं आलं, त्याच्या मागोमाग त्यांच्या शिव्याही आल्या. माल्कम एक्स गोऱ्यांपुढं नमणाऱ्या पुढाऱ्यांना 'अंकल टॉम' म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. शिवी उसनी घेतली, पुस्तक मात्र कुणी वाचलं नव्हतं. मी एवढंच पाहिलं होतं की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एक फाटकं पुस्तक पडलंय, कव्हरवर पिकल्या केसांचा एक म्हातारा आणि शेजारी सोनेरी केसांची गोरी पोरगी. म्हातारा तिच्याकडं देवाकडं बघावं तसा बघतोय. तेवढ्या चित्रावर मी माणूस ओळखला.

पुढं नोकरी लागल्यावर डिक्शनरी शेजारी ठेवून ते पुस्तक सहा महिन्यांत वाचून काढलं. वाचताना पेन्सिलीनं एकच काम केलं. लेखिका माणसाचे कपडे, हात, केस, घराची भिंत दाखवते तिथं तिथं खूण करत गेलो. दोस्तहो, या लेखात त्या खुणाच आहेत.

आधी थोडा इतिहास. १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांचा कायदा झाला. दक्षिणेतून पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला धरून परत देणं आता उत्तरेतल्या माणसालाही बंधनकारक झालं. थारा दिला तर दंड, तुरुंग. हॅरिएट बीचर स्टो ही बाई अठरा वर्षं सिनसिनाटी शहरात राहिलेली. ओहायो नदीच्या या बाजूला मोकळा मुलूख, त्या बाजूला केंटकी, म्हंजे गुलामीचा मुलूख. १८५१च्या मार्चमध्ये तिनं वॉशिंग्टनच्या 'नॅशनल ईरा' या साप्ताहिकाच्या संपादकाला पत्र लिहून कळवलं की आपण या लिखाणात चित्रकाराचं काम करणार आहोत, कारण युक्तिवादाला उलट उत्तर देता येतं, चित्राला देता येत नाही. जून १८५१ पासून 'अंकल टॉम्स केबिन' हप्त्याहप्त्यानं छापून यायला लागली. मार्च १८५२ मध्ये बोस्टनच्या जॉन जुएट यानं ती दोन भागांत काढली. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

तेव्हा चित्रं हा शब्द मी उगाच वापरत नाही. बाईनंच तो वापरलाय.

पहिलंच पान घ्या. केंटकीतलं एक घर, दिवाणखाना, टेबलावर दारू, दोन माणसं बोलत बसलीत. एक शेल्बी, घरचा मालक, सभ्य. दुसरा हेली, माणसांचा व्यापारी. बाई हेलीला कसा दाखवते? बुटका, जाडजूड. रंगीबेरंगी जाकीट, गळ्यात पिवळ्या ठिपक्यांचा निळा रुमाल. मोठ्या रांगड्या हातात अंगठ्याच अंगठ्या. घड्याळाची सोन्याची जाड साखळी, तिला लटकवलेल्या मुद्रा बोलता बोलता खुळखुळवायची त्याला सवय. मला ती साखळी आवडली. एका साखळीचा व्यापार करणारा माणूस दुसरी साखळी पोटावर मिरवतो, हे बाई कुठंच बोलत नाही. नुसती खुळखुळ ऐकवते.

पण माझी खरी खूण शेल्बीपाशी आहे. त्याच्या कपड्याचं जवळजवळ काहीच वर्णन नाही. सभ्य माणसाला वर्णन लागत नसतं. आणि सौदा दोघं मिळून करतात. हेली आपल्या भडक कपड्यांत लगेच ओळखू येतो, शेल्बी येत नाही. आपल्याकडं लाठी घेऊन येणारा पाटलाचा पोरगा सगळ्यांना दिसतो. सातबाऱ्यावर शांतपणे सही करणारा दिसत नाही.

त्याच खोलीत चार-पाच वर्षांचा हॅरी येतो. रेशमासारखे काळे कुरळे केस, अंगात तांबड्या-पिवळ्या चौकड्यांचा झगा. मालक त्याच्याकडं मनुका फेकतो, नाच म्हणतो, संधिवात झालेल्या म्हाताऱ्या गुलामाची नक्कल कर म्हणतो. पोरगं करतं. म्हाताऱ्याच्या दुखऱ्या पाठीची नक्कल करायला एका पोराला शिकवलेलं आहे, आणि पुढं त्याचीही पाठ तशीच होणार आहे. मग त्याची आई एलायझा त्याला शोधत येते. तिचे डोळे, पापण्या, बेताचा बसलेला पोशाख, नाजूक हात, पायाचा घोटा, सगळं बाई सांगते. आणि लगेच सांगते की हे सगळं हेलीच्या नजरेनं एका झटक्यात टिपलं. म्हंजे बघा, आपण वाचक म्हणून आत्ता जे सौंदर्य बघत होतो, ती बघण्याची तऱ्हा व्यापाऱ्याची होती. वाचक स्वतःशीच ओशाळतो. निदान मी ओशाळलो.

हे बघणं कुठून आलं? वर्तमानपत्रांतून. दक्षिणेतल्या पेपरात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती रोज यायच्या. वर एक छोटं ठोकळ्याचं चित्र, खांद्यावर काठी, काठीला बोचकं, पळतोय. खाली उंची, रंग, कुठला दात तुटला, कुठं डाग, कुठं वळ. १८३९ साली थिओडोर वेल्ड यानं 'अमेरिकन स्लेव्हरी अॅज इट इज' या पुस्तकात अशा जाहिराती ढिगानं गोळा केल्या. मालकानंच छापलेला पुरावा, त्याला नाही कसं म्हणणार? स्टोबाईनंही १८५३ साली आपल्या कादंबरीच्या पुराव्याचं वेगळं पुस्तक काढलं, त्यात असल्या जाहिराती आहेत. कादंबरीत एलायझाच्या नवऱ्याची, जॉर्ज हॅरिसची, जाहिरात खाणावळीच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. सहा फूट उंच, वर्ण उजळ, लिहितावाचता येतं, गोरा म्हणून खपण्याचा संभव, पाठीवर-खांद्यावर खोल व्रण, उजव्या हातावर 'एच' हे अक्षर डागलेलं. जिवंत आणला तर चारशे डॉलर, मेल्याचा पुरावा आणला तरी चारशे. आणि तिथंच, ऐटबाज कपड्यांत, अक्रोडाच्या सालीनं कातडी सावळी करून, केस रंगवून, हातमोजा घालून जॉर्ज स्वतः आत येतो. भिंतीपाशी जाऊन स्वतःची जाहिरात वाचतो. आणि आपल्या नोकराला म्हणतो की असा कुणीतरी आपल्याला वाटेत दिसला होता, नाही का?

हे मी तीनदा वाचलं. मालकानं त्याच्या अंगावर अक्षर डागलं. त्यानं त्यावर हातमोजा चढवला.

आता टॉमकडं येऊ. आधी त्याची झोपडी. ओंडक्यांची, मालकाच्या घराला लागून. पुढं स्ट्रॉबेरी-रासबेरीचा वाफा, दर्शनी भिंतीवर तांबड्या फुलांचा वेल नि गुलाब. आत दोन बिछाने. एकावर पांढरीशुभ्र चादर, तो दाखवायचा. दुसरा साधा, तो झोपायचा. भिंतीवर बायबलातली भडक रंगांची चित्रं आणि जनरल वॉशिंग्टनची एक तसबीर. ही तसबीर अशी रंगवलेली की खुद्द वॉशिंग्टन दचकला असता, असा बाईनं टोमणा मारलाय. तिनं रंगांवर विनोद केला. मी दुसऱ्याच गोष्टीनं दचकलो. वॉशिंग्टन १७९९ साली वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्ननच्या इस्टेटीत ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. गुलामाच्या भिंतीवर गुलामांचा मालक, स्वातंत्र्याचा देव म्हणून! आपल्या घरांत १९५६ पर्यंत भिंतीवर कोण होतं ते आठवा. १४ ऑक्टोबरनंतर खिळे तेच राहिले, तसबिरी बदलल्या. टॉमला तो खिळा मोकळा करायची संधी कुणी दिली नाही.

त्याच झोपडीत टॉम पाटीवर अक्षरं गिरवतोय. शिकवणारा मालकाचा तेरा वर्षांचा पोरगा. टॉम 'जी' काढतो नि शेपूट भलत्याच बाजूला वळवतो, त्याचा 'क्यू' होतो. पोरगा ऐटीत चूक दाखवतो. आणि याच रात्री, याच वेळी, मोठ्या घरात टेबलावर कागद पसरलेत, शेल्बी हेलीपुढं टॉमच्या विक्रीच्या कागदांवर सह्या करतोय. इकडं एक अक्षर सुधरत नाही, तिकडं अक्षरांनीच माणूस विकला जातो. काहीही भाष्य न करता बाई पान उलटते. इथं तिला मानलं.

आणि टॉम स्वतः? पहिलंच वर्णन: धिप्पाड, रुंद छातीचा, ताकदवान, तुकतुकीत काळा, चेहऱ्यावर गंभीर शहाणपण आणि माया. मी थांबलो. तो म्हातारा कुठंय? मग हिशेब मांडला. टॉम एके ठिकाणी मालकाला सांगतो की तुम्ही वर्षाचेही नव्हता तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, थोरल्या मालकीणबाईंनी तुम्हाला माझ्या हातात दिलं. मालकाचा पोरगा तेराचा. म्हंजे मालक चाळिशीच्या आगेमागे, टॉम पंचेचाळिशीच्या. त्याला रांगती पोरगी आहे. शेवटी लेग्री त्याच्यासाठी रोख बाराशे डॉलर मोजतो, आणि त्याला मुकादम करायचं मनात धरतो. शेतावरच्या मुकादमीसाठी पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याला बाराशे डॉलर कुणी देतं का?

मग टॉमचे केस कधी पिकले? पुस्तक छापून झाल्यावर. पहिल्या आवृत्तीत हॅमट बिलिंग्ज या चित्रकाराची सहा चित्रं होती. ती इतकी चालली की त्याच वर्षअखेरीला त्याच्याच शंभराहून जास्त चित्रांची आवृत्ती निघाली. इंग्लंडात जॉर्ज क्रुकशँकनं १८५२ मध्येच सत्तावीस चित्रं काढली. पुढं जो तो काढत सुटला. पण खरा घात नाटकवाल्यांनी केला. १८५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात जॉर्ज एकन याचं नाटक उभं राहिलं. काळ्यांची कामं गोरे नट तोंडाला काळं फासून करायचे. त्या नाटकातल्या टॉप्सीचं कामही एका गोऱ्या बाईनंच केलं. कॉपीराइट आडवा येत नव्हता, मग गावोगाव 'टॉम शो' नावाच्या कंपन्या फिरल्या, विसाव्या शतकातही कैक वर्षं फिरत राहिल्या. ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नाही त्यांनी टॉम तिथं बघितला. एलायझा पोराला घेऊन ओहायो नदीच्या फुटलेल्या बर्फावरून उड्या मारत जाते, त्या प्रसंगात कादंबरीत शिकारी कुत्री नाहीत. नाटकवाल्यांनी ती आणली, कारण कुत्री स्टेजवर बरी दिसतात. कादंबरीत काय आहे? बूट गेलेत, मोजे चिरलेत, प्रत्येक पावलाला बर्फावर रक्त. कुत्र्यांच्या भुंकण्यात ते रक्त कुणाला दिसणार?

आणि टॉमला म्हातारा केला. केस पिकवले, पाठ वाकवली, हातात काठी दिली. का? मला जे वाटतं ते सांगतो. पंचेचाळीस वर्षांचा, रुंद छातीचा, काळा पुरुष एका गोऱ्या पोरीशेजारी बसलाय, हे चित्र गोऱ्या प्रेक्षकाला झेपत नव्हतं. त्याची ताकद काढून घेतली की मग त्याच्यावर दया करायला मोकळे. शिवाय तरण्याबांड माणसानं हात उचलला नाही तर प्रश्न पडतो, का उचलला नाही? म्हाताऱ्याच्या बाबतीत प्रश्नच येत नाही. १९०३ साली पोर्टरचा मूकपट आला, टॉम गोरा नट तोंड रंगवून. १९१४च्या मूकपटात सॅम लुकास हा खरोखरचा काळा नट टॉम झाला. कधी? साठी ओलांडल्यावर. साठ वर्षं लोकांनी ठरवून टाकलं होतं की टॉम म्हातारा, मग खरा काळा माणूस घेतला तोही म्हाताराच.

म्हंजे मी आबांना जी शिवी दिली ती नाटककंपनीनं रंगवलेल्या माणसाची होती.

पण याचा अर्थ बाईला डोक्यावर घ्या असा नाही. मी खुणा केल्यात त्यातल्या बऱ्याच खुणा तिच्याविरुद्ध आहेत. रंगाचा हिशेब बघा. जॉर्ज आणि एलायझा उजळ, जवळजवळ गोरे. ते पळतात, पिस्तूल उचलतात, बोलतातही ग्रंथातल्या भाषेत. टॉम तुकतुकीत काळा, तो सोसतो. जणू बंडखोरी अंगातल्या गोऱ्या रक्तातून येते! जेम्स बाल्डविननं १९४९ साली या कादंबरीची सालटी काढली तेव्हा नेमकं हेच दाखवलं. टॉमची बायको क्लोई हिचा काळा चेहरा असा चकाकतो की अंड्याचा पांढरा बलक फासला असावा, तिच्याच पावासारखा. माणूस आहे का खाऊ? टॉप्सीचे डोळे काचेच्या मण्यांसारखे, केसांच्या शेपट्या चहूकडं, अंगात गोणपाटाचं एकच फाटकं वस्त्र. तिला सोनेरी इव्हाशेजारी उभं करून बाई सांगते की या दोघी आपापल्या वंशाच्या प्रतिनिधी. अगं बाई, एका पोरीला आंघोळ, शाळा, बाप, घोडा, दुसरीला गोणपाट. हा वंश आहे का मालकी? गंमत म्हंजे त्याआधीच्याच पानांत मिस ओफेलिया टॉप्सीला आंघोळ घालायला लागते तेव्हा तिला पाठीवरचे वळ दिसतात. बाईच्या सिद्धांताला त्या पाठीनंच उत्तर दिलंय. लेखकाला जे कळत नाही ते कधी कधी त्यानं रंगवलेल्या अंगाला कळतं.

सॅमचंही तसंच. शेल्बीकडचा हा गुलाम बाईनं विदूषक म्हणून आणला. पण एलायझाचा पाठलाग सुरू होतो तेव्हा हाच हेलीच्या घोड्याच्या जिनाखाली एक टोकदार बी सरकवतो, घोडा उधळतो, दोन-तीन तास फुकट जातात. नदीपाशी पोचल्यावर टोपी उडाल्याचं ढोंग करून ओरडतो, ते ऐकून एलायझा सावध होते. तोंडावर हसू, हातात बी. गुलामीत जगलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

लेग्रीच्या भागात मी सर्वांत जास्त खुणा केल्या. न्यू ऑर्लिन्सच्या वखारीत एमेलिन नावाची पंधरा वर्षांची पोर आहे. तिची आई तिचे केस चापूनचोपून सरळ बसवते, जेणेकरून घरंदाज दिसेल आणि कुणी भला गिऱ्हाईक घेईल. वखारवाला येतो नि म्हणतो, कुरळ्या बटा कुठं गेल्या? परत कर. त्या बटांनी भावात शंभर डॉलरचा फरक पडतो. एका आईचा फणी आणि एका दलालाची छडी यांची झटापट पोरीच्या डोक्यावर. लेग्री टॉमचा जबडा उघडून दात बघतो, बाही वर करून दंड दाबतो, उडी मारायला लावतो. मग बोटीवर त्याचा चांगला सूट आणि बूट काढून घेऊन जुनेर घालायला लावतो, आणि ते कपडे खलाशांना लिलावात विकतो. कपडा हा मालकशाहीत फक्त कपडा नसतो. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडं नेसण्याची तऱ्हा बदला, अंगावरचे जुन्या ओळखीचे दागिने उतरवा असं सांगितलं, ते याचसाठी.

लेग्रीकडं टॉम पहिल्या दिवशी आपल्याला कुठली खोली मिळते ते बघायला जातो. मनात एवढंच, की एक फळी असावी, तिच्यावर बायबल ठेवता यावं. बघतो तर नुसत्या खोपट्या, खाली तुडवलेली माती, कोपऱ्यात घाण पेंढा. तो वेल नाही, चादर नाही. वॉशिंग्टनही नाही.

आणि इथं तो काय करतो? आजारी बाईच्या पिशवीत आपला कापूस टाकतो. तिलाच चाबूक मार म्हणून हुकूम होतो, तो नाही म्हणतो. मुकादमीची सुरुवात होणार होती तिथंच संपते. शेवटी कॅसी आणि एमेलिन पळतात. त्या कुठं लपल्यात ते टॉमला माहीत आहे. तो माहीत नाही असं म्हणतही नाही. माहीत आहे, सांगणार नाही, एवढंच. त्याच्यावर तो मरेपर्यंत मार खातो. कॅसीनं कुऱ्हाड पुढं केली होती तेव्हा त्यानं लेग्रीला मारायला नकार दिला, इथं माझं त्याच्याशी भांडण आहे आणि राहील. पण ज्यांच्या नावाची शिवी आपण फितुरासाठी वापरतो, त्याला मार पडला तो फितुरी न केल्याबद्दल.

आबांची गोष्ट मला खूप उशिरा समजली. त्या वर्गाच्या आधी काही महिने एका मोर्चानंतर पोलीस पोरांना शोधत होते. आबांना चौकीत नेलं होतं. पोरं रात्री कुठं झोपतात ते आबांना पक्कं ठाऊक, कारण भाकरी त्यांच्याच घरून जायची. ते रात्रभर हात जोडून 'साहेब, साहेब' करत बसले. एकही नाव सांगितलं नाही. झुकलेला खांदा मी ओझ्याचा समजत होतो. तो सगळा ओझ्याचा नव्हता. त्या पोरांत मी होतो. मला कळलं तेव्हा आबा जाऊन चार वर्षं झाली होती.

ज्यांचं चित्र दुसरे काढत होते त्यांनी स्वतःचं चित्र काढायला घेतलं, तोही इतिहास त्याच काळातला. फ्रेडरिक डग्लस, पळून आलेला गुलाम, १८४५ साली आत्मचरित्रात लिहितो की लहानपणी थंडीनं आपल्या पायाला इतक्या भेगा पडल्या होत्या की हातातली ही लेखणी त्यांत मावली असती. बघा, स्टोबाईला एवढी रंगपेटी असून हे साधलं नसतं. पाय त्याचा, लेखणीही त्याचीच. एकोणिसाव्या शतकात ज्याचे सर्वांत जास्त फोटो निघाले असा अमेरिकन माणूस म्हंजे हा डग्लस. काळा कोट, कडक कॉलर, आणि फोटोत हसायचं नाही हे ठरवलेलं. हसरा गुलाम खूप छापून झाला होता. आपल्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्यात मी या कोटवाल्यालाही धरतो.

आता हा लेख का लिहिला ते. गेल्या अंकासाठी एका मित्रानं स्टेन्सिलवर चित्र काढून आणलं. गुडघ्यावर बसलेला काळा माणूस, हातात बेड्या, हात वर जोडलेले. १७८७ साली इंग्लंडात वेजवुड या भांडीवाल्यानं गुलामीविरोधी मंडळासाठी पदक काढलं होतं, त्याचीच नक्कल. मित्रानं ते कुठल्याशा पुस्तकात बघितलेलं. मी म्हटलं, हे नको. तो चिडला, "स्टेन्सिल वाया गेली. मग काढू काय? चाबूक?"

मी म्हटलं, एक धिप्पाड माणूस काढ, चाळिशीचा, केस काळे. मांडीवर पाटी. पाटीवर 'जी' काढायला गेला नि शेपूट चुकलं.

तो म्हणाला, "शेपूट कुठल्या बाजूला?"